खूण आणि निर्णय : ‘द एपिजेनेटिक्स रेव्होल्यूशन’ आज वाचताना

(द एपिजेनेटिक्स रेव्होल्यूशन, लेखिका : नेसा केरी, प्रकाशक : आयकॉन बुक्स, लंडन, २०११, भाषा : इंग्रजी)

पेशींचा धडा शिकवताना शिक्षकाला कधी ना कधी एक प्रश्न हमखास विचारला जातो. शरीरातल्या सर्व पेशी एकाच फलित अंड्यापासून झाल्या, तांबड्या रक्तपेशींसारखे थोडे अपवाद सोडले तर सर्वांत तोच डी.एन.ए. आहे, मग यकृताची पेशी यकृताचीच का राहते? ती विभागली तर तिच्यापासून चेतापेशी का होत नाही? पाठ्यपुस्तकातले उत्तर एका वाक्याचे असते : निरनिराळ्या पेशींत निरनिराळी जनुके कार्यरत असतात. उत्तर बरोबर आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही, फक्त एक पायरी मागे सरकतो. कोणती जनुके कार्यरत राहायची हे कोण ठरवते? आणि एकदा ठरलेली गोष्ट पेशी विभागल्यावर नव्या पेशींच्या लक्षात कशी राहते?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. एक ठरवण्याचा, दुसरा लक्षात ठेवण्याचा. प्रस्तुत पुस्तकाचे मोल आणि त्याची उणीव या दोन्ही गोष्टी आमच्या मते याच फरकाशी येऊन थांबतात, म्हणून सुरुवातीलाच तो नोंदवून ठेवतो.

नेसा केरी या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ. विद्यापीठात अध्यापन आणि पुढे औषधनिर्मितीच्या क्षेत्रात संशोधन असा दोन्हीकडचा अनुभव त्यांच्यापाशी आहे. पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले आणि या विषयावरचे पुष्कळ वाचले जाणारे लोकप्रिय पुस्तक ठरले. वर्तमानपत्रांतील आणि व्याख्यानांतील ‘एपिजेनेटिक्स’ बरेचसे याच पुस्तकाच्या वळणाचे असते. त्यामुळे इतक्या वर्षांनंतर त्याची पुन्हा तपासणी करणे अस्थानी होणार नाही.

पुस्तकाची सुरुवात नाटकाच्या संहितेच्या उपमेने होते. शेक्सपियरची ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची संहिता एकच, पण १९३६ सालचा जॉर्ज क्यूकर यांचा चित्रपट आणि १९९६ सालचा बाझ लुरमन यांचा चित्रपट यांत केवढा फरक! डी.एन.ए. ही संहिता आणि तिच्यावर दिग्दर्शकाने पेन्सिलीने केलेल्या खुणा म्हणजे एपिजेनेटिक्स, असे त्या सुचवतात. उपमा वर्गात चालण्याजोगी आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना एकाच बंदिशीच्या दोन गायकांनी केलेल्या मांडणीचे उदाहरण देता येईल.

पुढच्या प्रकरणांत जॉन गर्डन यांचे बेडकावरचे प्रयोग येतात. बेडूकमाशाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक काढून ते केंद्रकहीन केलेल्या अंड्यात घातले, तर त्यातून सामान्य बेडूकमासा तयार होऊ शकतो, हे त्यांनी १९६२ मध्ये दाखवले. म्हणजे आतड्याच्या पेशीने बाकीची जनुके टाकून दिलेली नसतात, ती नुसती मिटून ठेवलेली असतात. त्यानंतर शिन्या यामानाका यांचे २००६ सालचे काम येते. उंदराच्या सामान्य पेशींत केवळ चार जनुके घालून त्यांनी त्या पेशींना भ्रूणातल्या मूलपेशींसारखे बनवले. या दोघांना २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, पुस्तक निघाल्यानंतर वर्षभराने. केरी निष्कर्ष सांगून मोकळ्या होत नाहीत, प्रयोग कसा केला आणि त्यातून काय सिद्ध झाले हे सांगतात. शिक्षकाच्या दृष्टीने हा मोठाच गुण.

आता मेथिल खुणेकडे वळू. डी.एन.ए.मध्ये ए, टी, जी आणि सी ही चार अक्षरे असतात. त्यांतील सी, म्हणजे सायटोसिन, याला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा बनलेला मेथिल गट जोडला जाऊ शकतो. अक्षर बदलत नाही, त्यावर जणू एक टिकली लागते. प्राण्यांमध्ये ही टिकली मुख्यतः जेथे सी नंतर लगेच जी येतो तेथे लागते. मानवी जनुकसंचात अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत आणि बहुतेक पेशींत त्यांतील ७० ते ८० टक्के जागांवर टिकली असते. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात टिकल्यांची दाटी झाली की ते जनुक सहसा गप्प राहते.

यातली गंमत अशी की एका धाग्यावर ‘सी-जी’ असेल, तर समोरच्या धाग्यावरही उलट दिशेने ‘सी-जी’च वाचता येते. त्यामुळे टिकली दोन्ही धाग्यांवर असते. पेशी विभागताना दोन धागे सुटे होतात आणि प्रत्येकासमोर नवा धागा विणला जातो. जुन्यावर टिकली आहे, नव्यावर नाही, अशी अर्धवट जागा डी.एन.एम.टी.-१ नावाचे विकर ओळखते आणि नव्या धाग्यावर टिकली लावून जोडी पुरी करते. ‘लक्षात कसे राहते’ या प्रश्नाचे हे इतके साधे आणि सुंदर उत्तर आहे. हा विचार १९७५ मध्ये इंग्लंडमधील रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनी आणि अमेरिकेत आर्थर रिग्ज यांनी स्वतंत्रपणे मांडला. शिक्षकांनी फळ्यावर दोन धागे काढून ही आकृती अवश्य दाखवावी. अकरावीच्या विद्यार्थ्याला ती पाच मिनिटांत कळते.

येथपर्यंत पुस्तकाशी आमचा वाद नाही. वाद आहे तो मांडणीच्या भराशी. पुस्तक वाचून बाजूला ठेवल्यावर वाचकाच्या मनावर ठसते ते असे : मेथिल खूण हे जनुकाचे बटण, ती लागली की जनुक बंद, निघाली की चालू, म्हणजे पेशीचे भवितव्य या खुणा ठरवतात. केरी यांनी यामानाका यांची चार जनुके तपशिलाने सांगितली आहेत, त्यामुळे दुसरी बाजू पुस्तकात नाहीच असे म्हणता येणार नाही. पण ‘क्रांती’ या शब्दाला शोभेल असा नायक हवा असतो, आणि ती जागा खुणांना मिळते.

प्रयोगांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९७९ मध्ये लॉस एंजेलिस येथे शर्ली टेलर आणि पीटर जोन्स यांनी उंदराच्या संयोजी ऊतींतील साध्या पेशींवर ५-अझासायटिडीन हे द्रव्य वापरले. काही दिवसांनी त्याच बशीत आकुंचन पावणारे स्नायुतंतू दिसू लागले, चरबीच्या आणि कूर्चेच्या पेशीही दिसू लागल्या. हे द्रव्य सायटोसिनच्या जागी डी.एन.ए.त शिरते आणि मेथिल टिकल्या लावणाऱ्या विकराला तेथेच अडकवून ठेवते, हे पुढे स्पष्ट झाले. मग निष्कर्ष सोपा वाटला : टिकल्या निघाल्या, पेशीचा प्रकार बदलला, म्हणजे टिकल्याच प्रकार ठरवतात.

पण सिॲटल येथे हॅरल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेने पुढचा प्रश्न विचारला. टिकल्या तर सगळीकडच्या निघाल्या, मग स्नायूच का झाला? १९८७ मध्ये त्यांना मायोडी हे जनुक सापडले. हे एकटे जनुक त्याच पेशींत कार्यरत केले की, अझासायटिडीन न वापरताही, पेशी स्नायूची वाट धरते. मायोडीपासून बनणारे प्रथिन स्नायूच्या इतर जनुकांना जागे करते. म्हणजे ठरवणारे होते ते प्रथिन. मेथिल टिकल्यांनी इतके दिवस त्याच्या जनुकाला कुलूप घालून ठेवले होते, आणि अझासायटिडीनने ते योगायोगाने उघडले.

दुसरा पुरावा मादीच्या एक्स गुणसूत्राचा. सस्तन प्राण्यांच्या मादीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि भ्रूणावस्थेच्या आरंभीच प्रत्येक पेशीत त्यांतील एक बंद होते. या बंद गुणसूत्रावरील जनुकांच्या सुरुवातीला मेथिल खुणा दाट असतात. त्यांनीच ते बंद केले असेल, असे कोणालाही वाटेल. परंतु एच.पी.आर.टी. या जनुकावर या खुणा गुणसूत्र बंद झाल्यानंतर चढतात, असे १९८७ मध्येच उंदरांच्या भ्रूणांत दिसून आले होते. दार दुसऱ्याच कोणी लावले, कुलूप मागाहून आले.

तिसरा पुरावा तर जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे समोरच आहे. फळमाशीत ही मेथिल खूण जवळजवळ नाही आणि सी. एलेगन्स या सूत्रकृमीत ती नाहीच. तरीही फळमाशीला डोळे, पंख, आतडे, चेतासंस्था सारे काही आहे. खुणेवाचून पेशीविभेदन अशक्य असते तर माशी झालीच नसती.

मग कुलूप बिनमहत्त्वाचे का? मुळीच नाही. १९९२ मध्ये एन ली, टिमथी बेस्टर आणि रुडॉल्फ येनिश यांनी डी.एन.एम.टी.-१ चे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. त्यांचे भ्रूण गर्भकाळाच्या मध्यावर मरण पावले. मात्र तेच जनुक निकामी केलेल्या मूलपेशी बशीत वाढत राहिल्या. जोवर पेशीला काही एक व्हायचे नाही तोवर कुलपावाचून चालते. ठरलेली ओळख पिढ्यान्‌पिढ्या जपायची असेल तर सस्तन प्राण्यांत चालत नाही. आमच्या मते वर्गात सांगायचे वाक्य हे आहे : निर्णय नियंत्रक प्रथिने घेतात, मेथिल खूण तो टिकवते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. रोगांविषयी आपण काय मानतो ते त्यावर अवलंबून आहे.

कर्करोगावरचे प्रकरण आम्हाला पुस्तकातील सर्वांत भक्कम प्रकरणांपैकी वाटले. कर्कपेशींत दोन उलट गोष्टी एकाच वेळी घडतात. एकंदर जनुकसंचावरच्या टिकल्या कमी होतात, हे १९८३ मध्ये अँड्र्यू फाइनबर्ग व बर्ट फोगेलस्टाइन यांनी दाखवले. त्याच वेळी काही मोक्याच्या जनुकांवर मात्र त्या दाट होतात. उदाहरणार्थ, डी.एन.ए.तील चुका दुरुस्त करणारे एम.एल.एच.-१ हे जनुक मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत असेच गप्प होते. त्याचे एकही अक्षर बदललेले नसते, तरी दुरुस्तीचे काम थांबते आणि इतर जनुकांत चुका साचत जातात. अझासायटिडीन हेच द्रव्य २००४ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले, तेही अस्थिमज्जेतील रक्तपेशी नीट परिपक्व होत नाहीत अशा विकारासाठी. टेलर आणि जोन्स यांच्या बशीतला प्रयोग पंचवीस वर्षांनी रुग्णापर्यंत पोचला.

तितकीच भक्कम उदाहरणे जन्मजात विकारांची आहेत. पंधराव्या गुणसूत्राचा एक विशिष्ट तुकडा वडिलांकडून आलेल्या प्रतीत नसेल तर प्राडर-विली विकार होतो. तोच तुकडा आईकडून आलेल्या प्रतीत नसेल तर अगदी निराळा असा अँजेलमन विकार होतो. अक्षरे तीच, प्रत कोणाकडून आली हे मेथिल खुणांनी जपलेले असते. रेट विकारात खुणा ठीक असतात, पण त्या वाचणाऱ्या एम.ई.सी.पी.-२ या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असतो, हे १९९९ मध्ये कळले. आरंभी नीट वाढणारी मुलगी वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास बोलणे आणि हातांचा वापर विसरू लागते. एडिंबरोच्या एड्रियन बर्ड यांच्या गटाने २००७ मध्ये उंदरांत हे जनुक पुन्हा सुरू केले, तेव्हा दिसू लागलेली लक्षणे मागे हटली. या सर्व ठिकाणी कारण कोणते आणि परिणाम कोणता हे प्रयोगाने बांधलेले आहे.

आता पुस्तकातील अशा भागाकडे येऊ, ज्याने ते लोकप्रिय झाले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला; रोजचा शिधा १००० कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात गर्भात असलेल्यांचा अनेक दशके अभ्यास झाला. त्यांच्यात पुढे स्थूलपणा, साखरेचे बिघडलेले नियमन, स्किझोफ्रेनिया यांचे प्रमाण वाढलेले दिसले, हे पक्के आहे. २००८ मध्ये बास हाइमान्स आणि सहकाऱ्यांनी गर्भधारणेच्या सुमारास दुष्काळ भोगलेल्या ६० जणांची त्यांच्याच भावा-बहिणींशी तुलना केली. आय.जी.एफ.-२ या जनुकावरील खुणांचे सरासरी प्रमाण भावंडांत ५१.५ टक्के, तर दुष्काळग्रस्तांत ४८.८ टक्के आढळले. साठ वर्षांनंतर असा फरक मिळावा हे लक्षणीय आहे. पण या तीन टक्क्यांच्या फरकाने रोग होतो, हे त्यातून सिद्ध होत नाही.

येथे एक हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यासारखा आहे. माणसांवरील असे बहुतेक अभ्यास रक्तावर होतात, आणि रक्त म्हणजे अनेक प्रकारच्या पेशींचे मिश्रण. समजा, एका जागेवर लसिकापेशींमध्ये ९० टक्के खुणा आहेत आणि दुसऱ्या एका पांढऱ्या पेशीप्रकारात १० टक्के. (आकडे कल्पित आहेत.) एका व्यक्तीच्या रक्तात या दोन प्रकारांचे प्रमाण ३० : ७० असेल तर सरासरी २७ अधिक ७, म्हणजे ३४ टक्के येईल. दुसऱ्या व्यक्तीत साध्या जंतुसंसर्गाने वा अन्य कारणाने हे प्रमाण ४० : ६० झाले, तर सरासरी ३६ अधिक ६, म्हणजे ४२ टक्के. आठ टक्क्यांचा फरक पडला, आणि एकाही पेशीतली एकही खूण बदललेली नाही! खुणा पेशीच्या ओळखीशी बांधलेल्या असतात म्हणूनच असे होते. पेशींच्या मिश्रणाचा हा प्रश्न २०१२ नंतर संशोधकांनी गांभीर्याने हाती घेतला, तेव्हा २०११ च्या पुस्तकाला त्याबद्दल दोष देणे रास्त नव्हे. आज वाचणाऱ्याने मात्र प्रत्येक आकड्यापाशी विचारावे : कोणत्या पेशी मोजल्या?

उंदरांच्या मायेचा प्रयोगही असाच. माँट्रियलच्या मायकेल मीनी यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की ज्या पिल्लांना माता अधिक चाटते, त्यांच्या मेंदूतील एका जनुकावरील खुणा कमी असतात आणि ती पिल्ले ताण चांगला सोसतात. पिल्लांची अदलाबदल करूनही हे तपासले गेले. पण माणसांवरच्या २००९ च्या अभ्यासात आत्महत्या केलेल्या आणि बालपणी छळ सोसलेल्या १२ व्यक्तींची तशाच लहान गटांशी तुलना होती. एवढ्या आधारावर ‘बालपणीचा छळ डी.एन.ए.वर कोरला जातो’ असे विधान पेलत नाही.

पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या खुणांबाबत तर अधिकच सावध राहावे लागेल. सस्तन प्राण्यांत या खुणा दोनदा मोठ्या प्रमाणावर पुसल्या जातात : फलनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आणि पुन्हा भ्रूणात जननपेशींचे पूर्वज तयार होताना. पिवळ्या-तपकिरी अगूटी उंदरांचे प्रसिद्ध उदाहरण या पुसण्यातून अंशतः सुटते. परंतु २०१८ मध्ये केंब्रिजच्या ॲन फर्ग्युसन-स्मिथ यांच्या गटाने उंदरांच्या जनुकसंचात तशा इतर जागा धुंडाळल्या, तेव्हा अशा खुणा सहसा पुढच्या पिढीत जात नाहीत असे आढळले. अपवादावरून नियम बांधता येत नाही.

हे सारे मराठी शिक्षकाने का मनावर घ्यावे? कारण गर्भसंस्काराच्या जाहिरातींत आणि व्याख्यानांत ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द आता सर्रास येतो. गरोदरपणी काय ऐकले, काय वाचले, मन किती शांत ठेवले यावर मुलाची जनुके चालू-बंद होतात, असे सांगितले जाते. याची दुसरी बाजू उघड आहे. मूल आजारी निघाले, अभ्यासात मागे पडले, की बोट आईकडे. २०१४ मध्ये सारा रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ साप्ताहिकात नेमका हाच इशारा दिला होता : या संशोधनाच्या नावाने मातांना दोषी धरू नका. ‘बटण’ ही उपमा येथे निरुपद्रवी राहत नाही. बटण म्हटले की ते दाबणारे बोट शोधले जाते.

याच्या शेजारी पुण्याचे काम ठेवून पाहावे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दोन-तृतीयांश मातांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. आणि ज्या मातांत बी-१२ कमी व फोलेट जास्त, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. बी-१२ आणि फोलेट ही दोन्ही शरीरातील मेथिल गटांच्या पुरवठ्यात लागतात. तेव्हा मेथिल खुणा हा येथे एक तर्कसंगत दुवा आहे. पण दुवा सिद्ध होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. आहारातील कमतरता रक्ततपासणीत दिसते आणि ती भरून काढता येते. आणि ती कमतरता एकट्या आईची चूक नसते. ताटात काय आहे आणि घरात शेवटी कोण जेवते याचा तो प्रश्न आहे.

एकंदरीत, पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे का? असावे. भाषा सोपी आहे, प्रयोगांची वर्णने चोख आहेत आणि विज्ञान कसे पुढे जाते हे त्यातून कळते. शिक्षकांनी आरंभीची गर्डन-यामानाका यांच्यावरची प्रकरणे, एक्स गुणसूत्राचे प्रकरण आणि कर्करोगाचे प्रकरण आधी वाचावे. पिढ्यांवरची आणि मनावरची प्रकरणे त्यानंतर घ्यावीत, आणि ती विद्यार्थ्यांसोबत वाचताना तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावेत : खूण आधी आली की बदल आधी झाला? कोणत्या पेशी मोजल्या? किती जणांत मोजल्या? या प्रश्नांना उत्तर मिळेल तेथे पुस्तकावर विश्वास ठेवावा. मिळणार नाही तेथे त्या पानाच्या समासात पेन्सिलीने एक खूण करून पुढे जावे.